जीप वीतभर खाली आणताना

मानवजातीची सगळी धडपड वर जाण्यासाठी चालली आहे. झाडावरून उतरलेला हा प्राणी पुढे माडीवर चढला, मग डोंगरावर, मग विमानात, आणि शेवटी चंद्रावर जाऊन तिथली माती घेऊन आला. खाली येण्यातही काही पुरुषार्थ असू शकतो, हे आजवर एकाही संस्कृतीला सुचलेलं नाही. मला सुचलं. गेल्या हिवाळ्यात, आदिलाबादकडच्या आमच्या बोथला, राहत्या घरी मी एक जीप वीतभर खाली आणायला घेतली. या कामात माझी गावातली पत, शेजारच्या सुधाकररावांची दुपारची झोप आणि देवाजींची दोन पोती सरकी गेली. मग जीप खाली आली. तीसुद्धा आधी एकाच बाजूने.

जीप आमच्या मुलाची, हर्षदीपची. आरोग्य खात्यात होता, डोंगरातल्या गोंड वस्त्यांवर लशी पोचवायचा. सरकारी गाडी बहुतेक वेळा दुरुस्तीला गेलेली असायची, म्हणून त्याने स्वतःच्या हौसेने एक जुनी जीप घेतली आणि ती उंच करवून घेतली. उंच कमानी, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगा, आणि त्यांखाली ट्रॅक्टरला शोभतील असे टायर. ओढ्यातले दगड पोटाला घासतात, हे कारण त्याने मला सांगितलं. खरं कारण म्हणजे उंच जीप चांगली दिसते, आणि हे त्याने मला सांगितलं नाही कारण मी गणिताचा मास्तर.

दोन पावसाळ्यांमागे त्याला ताप आला. आदिलाबादला नेला, तिथून नागपूरला नेला, परत आणला. याहून जास्त मला यावर लिहिता येत नाही, आणि ही गोष्ट जीपची आहे.

जीप अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहिली. मला चालवता येत नाही. आमची लेक हर्षाली हैदराबादला असते. तिने फोनवर फोन करून, उभ्या गाडीला गंज लागतो हे मला पटवलं आणि मंचेरियलचा एक गिऱ्हाईकही शोधून काढला. मी हो म्हणालो. मनकर्णा, म्हणजे आमचं कुटुंब, तेव्हा तुरीच्या शेंगा सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"इकाची त इका," ती म्हणाली. "पन त्याच्या आदी मले एकदा बसाचं हाय तिच्यात. तो जाये त्या रस्त्यानं."

मी इथे थांबून वाचकांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती त्या जीपमध्ये कधीच बसली नव्हती. तिचे गुडघे गेलेले, आणि जीपची पायरी तिच्या कमरेपाशी. हर्षदीप असताना रोज चेष्टा चालायची, तो म्हणायचा माय, तुला उचलून ठेवतो, आणि ती म्हणायची माझ्या लग्नात मला तुझ्या बापाने उचललं नाही, तू काय उचलतोस. त्यात दिवस गेले.

प्रथम आम्ही साधे उपाय केले. पाट ठेवला, तो पुरला नाही. खुर्ची ठेवली. खुर्चीवर ती चढली, पण पुढे गुडघा वाकेना, आणि मागे उतरायचं तर पाय जमीन शोधून शोधून दमला. अशी ती खुर्ची आणि जीप यांच्या मधोमध, गाडीची कड धरून, उभी राहिली. याच वेळी सुधाकरराव कुंपणावरून डोकावले. ते विजेच्या खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि कोणीही उंच ठिकाणी अडकलं की ती आपलीच जबाबदारी आहे असं समजतात. त्यांनी मला खालून ढकलायला सांगितलं. मी हात पुढे केला मात्र, तिने अशी नजर टाकली की तो मी तसाच खिशात घातला.

खाली उतरल्यावर तिने अट घातली. कोणी धरायचं नाही, कोणी ढकलायचं नाही. "मी काई कापसाचं पोतं नोहो," ती म्हणाली. "लेकाच्या गाडीत मी माह्या पायानं चढीन. नाई त राहू द्या."

राहू द्या म्हणताना तिचा आवाज जसा आला, तसा आल्यावर राहू देणं शक्य नव्हतं. मी जीप खाली आणायचं ठरवलं.

आमच्या आळीत एखादं काम ठरवण्याची एक पद्धत आहे. ज्याचं काम आहे त्याने ओट्यावर चहा ठेवायचा, आणि ज्यांचा कामाशी संबंध नाही त्यांनी निर्णय घ्यायचा. सुधाकररावांचं मत पडलं की जीप खाली आणण्यापेक्षा जमीन खाली न्यावी. चारही चाकांना चार खड्डे खणावेत, जीप त्यात उभी करावी, वहिनींनी जमिनीवरून सरळ आत पाऊल टाकावं. योजना इतकी बिनखर्ची होती की मी फावडं शोधायला उठलो. आतून मनकर्णाने विचारलं, "अन् तिकडं वस्तीवर उतराचं असंन त तिथं कोन खड्डे खंदून ठेवलेत?" सुधाकररावांनी चहा संपवला.

मग देवाजी बोलले. देवाजी कापसाचे दलाल. भैंसा, आदिलाबाद, बोथ, जिथे जिनिंगचा कारखाना आहे तिथे त्यांचं चालतं. गेली चाळीस वर्षं त्यांनी कापूस दाबला जाताना पाहिला आहे, त्यामुळे जगातली प्रत्येक फुगलेली वस्तू दाबली की बसते आणि बसली की तशीच राहते, यावर त्यांची श्रद्धा आहे. जीपच्या कमानी म्हणजे काय, लोखंडाची गासडी. वजन टाका, आठवडाभर राहू द्या, आपोआप बसतील. मेकॅनिकला कशाला बोलवता? वजन मी देतो.

मी गणिताचा मास्तर आहे. लोखंड आणि कापूस यांतला फरक मला कळायला हवा होता. पण देवाजी इतक्या अनुभवाने बोलले, आणि सरकीची पोती इतक्या तत्परतेने आली, की मला वाटलं बघायला काय हरकत आहे. पुढच्या सीटवर दोन, मागे भरून. जीप खरोखर खाली गेली. आळीतल्या सगळ्यांनी वाकून पाहिलं. सुधाकररावांनी दोरीने मोजलं आणि जाहीर केलं की वीतभर उतरली. देवाजींनी आमच्याकडे असं पाहिलं, जसं परीक्षेत पहिला आलेला मुलगा मास्तरांकडे पाहतो.

मनकर्णा बाहेर आली. तिने पायरीवर पाऊल ठेवून पाहिलं. पोचलं. मग तिने आत पाहिलं.

"मी बसू कुठं?" ती म्हणाली.

सीटवर सरकी बसली होती. सरकी काढली की जीप वर, जीप खाली हवी तर सरकी आत. या पेचावर आळीत बराच वेळ चर्चा झाली. पोती आठवडाभर राहू द्यावीत, मग काढावीत, असं देवाजींचं म्हणणं टिकलं. पण तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी शेळ्यांना बातमी लागली. त्या उंच जीपमध्ये शेळ्या कशा चढल्या हे मला आजही सांगता येत नाही. गुडघे चांगले असले की काय काय होतं, एवढंच मी म्हणेन. दोन पोती फस्त झाली, उरलेली देवाजी घेऊन गेले, आणि जीप दुसऱ्या क्षणी जिथली तिथे वर आली. तिच्या चेहऱ्यावर, म्हणजे जीपच्या, मला किंचित हसू दिसलं. हर्षदीपची गाडी होती ती.

तेव्हा मी मकबूलकडे गेलो. हायवेच्या फाट्यावर त्याचं गॅरेज आहे. जीप उंच केली ती त्यानेच. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "चढाने कू मेहनत लगती साब. उतारने कू क्या है."

हे वाक्य ऐकून मला फार बरं वाटलं. निवृत्तीनंतर कोणी इतक्या सोप्या भाषेत आशा दिली नव्हती. मी कामाला होकार देऊन घरी आलो, तर सुधाकरराव कुंपणाशी उभेच. परवानगी घेतली का? गाडीत फेरफार करायचा तर आदिलाबादच्या परिवहन कचेरीची मंजुरी लागते. उद्या हायवेवर अडवली तर मास्तरांनी कायदा मोडला असं गावभर होईल. आयुष्यभर मी मुलांना उत्तराआधी रीत लिहायला लावलेली. मी बस धरली.

कचेरीत गर्दी होती. बाबूंनी नंबर घेतला, संगणकात पाहिलं आणि तेलुगू-हिंदी मिसळून मला समजावलं की माझी दरखास्त घेता येत नाही. कारण सरकारच्या नोंदीत ही गाडी कधी उंच झालेलीच नाही. कंपनीने जेवढी दिली तेवढीच आहे. जी चढलीच नाही ती उतरवायला मंजुरी कशी द्यायची? मी म्हणालो, साहेब, ती उंच आहे, बोथमधला कोणीही सांगेल. ते म्हणाले, मग आधी उंच केल्याबद्दल दरखास्त द्या. ती नामंजूर होईल, कारण असं उंच करता येत नाही. नामंजूर झाल्यावर उतरवण्याचा हुकूम आमच्याकडूनच निघेल, तो घेऊन तुम्ही उतरवा. हे त्यांनी थट्टेने सांगितलं नाही. मला त्यात रीत दिसली, म्हणून मी आदराने मान हलवली आणि फॉर्म मागितला.

त्यांनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "ओनर रावाली, सार," ते म्हणाले. मालकाला यावं लागेल.

नाव बदलायचं राहिलं होतं. त्यासाठी मनकर्णाची सही लागत होती, आणि पोराच्या नावावर रेघ मारायचा कागद तिच्यापुढे ठेवणं मला जमत नव्हतं. मी म्हणालो, मालक येऊ शकत नाही.

"आउट ऑफ स्टेशन?"

मी हातातल्या पिशवीचे बंद सारखे केले.

"कब आएगा?" त्यांनी सहज विचारलं, आणि पेनाचं टोपण काढलं. तारीख लिहायची असेल.

या प्रश्नाचं उत्तर मला मराठीतही येत नाही, हिंदी-तेलुगू तर दूरच. मी उभा राहिलो. मागचा माणूस मला कोपराने ढोसत होता. बाबूंनी वर पाहिलं, आणि माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्यांनी टोपण परत लावलं. उठून मला आत बसायला खुर्ची दिली. चहा मागवला. बराच वेळ दोघंही पंख्याकडे बघत बसलो. मग ते हळूच म्हणाले, मास्टर सार, तुम्ही शांतपणे उतरवून घ्या. नोंदीप्रमाणे गाडी बरोबर होईल. कोणी विचारणार नाही.

तर अशा रीतीने, जन्मात पहिल्यांदा कायदेशीर होण्यासाठी, जीप मकबूलच्या गॅरेजला गेली.

मकबूलने आधी पुढच्या कमानी बदलल्या. मागच्या नागपूरहून यायच्या होत्या आणि त्या येत राहिल्या. तोवर जागा अडते म्हणून त्याने जीप घरी पाठवून दिली. पुढून वाकलेली, मागून उचललेली, तळ्यावर पाणी पिणाऱ्या म्हशीसारखी ती आमच्या अंगणात उभी राहिली. येणारे-जाणारे थांबून विचारायचे, मास्तर, काय झालं तिला? मी प्रत्येकाला समजावून सांगायचो. पुढे पुढे काम चालू आहे एवढंच म्हणायचो. शेवटी शेवटी मी मागच्या दाराने ये-जा करू लागलो.

मागच्या कमानी आल्या, बसल्या. आता जीप डावीकडे झुकली. मकबूल म्हणाला, बसेल. ती बसली, पण त्या बसण्यात टायर जीपच्या पत्र्याला टेकले. डावीकडे वळवली तर ठीक. उजवीकडे वळवली की असा आवाज यायचा की सुधाकरराव दुपारच्या झोपेतून उठून मीटर बघायला धावायचे. गॅरेजकडून आमचं घर उजव्या हाताला आहे. हर्षदीपचा मित्र राजकुमार जीप चालवत होता. तो बिचारा फक्त डावीकडे वळत वळत, बसस्टँडवरून, बाजारातून, मंडल कचेरीला, म्हणजे तहसिलीला, वळसा घालून घरी पोचला. मी शेजारी बसलो होतो. बाजारातून दुसऱ्यांदा जाताना भाजीवाल्यांनी नमस्कार केला. तिसऱ्यांदा जाताना त्यांनी नजर वळवली, दुःखी घरातल्या माणसाकडे बघू नये म्हणून वळवतात तशी.

म्हणजे टायर बदलणं आलं. लहान टायर आले. मोठे उतरवून मकबूलने भिंतीला लावले. त्यांच्या खाचांत वाळलेला चिखल होता, दोन पावसाळ्यांमागचा, तांबडा. डोंगरातली माती तांबडी असते, आमच्याकडची काळी. मकबूलने पाण्याचा पाईप घेतला.

मी म्हणालो, राहू दे.

"मिट्टी है, साब."

"हो," मी म्हणालो, "मातीच आहे."

त्याने पाईप खाली ठेवला. तो दिवसभर नंतर काही बोलला नाही, ही गोष्ट मकबूलच्या बाबतीत पेपरात द्यावी अशी आहे.

जीप सरळ झाली, सपाट झाली, कोणत्याही बाजूला वळू लागली. त्याच सुमारास मंचेरियलचा गिऱ्हाईक आला. कोळशाच्या खाणीत नोकरीला असलेला तरतरीत पोरगा, काळा चष्मा, सोबत दोन मित्र. त्याने जीपभोवती एक फेरी मारली. खाली बसून पाहिलं. उभा राहून पाहिलं. मग मोबाइलमधला फोटो आणि समोरची जीप आळीपाळीने पाहिली.

"अंकल," तो म्हणाला, "हाइट किधर गयी?"

मी अभिमानाने सांगितलं की काढून टाकली. सगळ्या आळीने मिळून काढली. तो माझ्याकडे फार सभ्यपणे बघत राहिला, मग पाणी पिऊन निघून गेला. हर्षालीचा फोन आला. मी तिलाही तसंच अभिमानाने सांगितलं. मग म्हणाली, "बाबा, त्याले तेवढंच पाह्यजे होतं. बाकीची जीप त कोनापाशीबी असते."

तेव्हा गिऱ्हाईक गेला, पण मला त्याचं फारसं काही वाटलं नाही. एक काम तरी झालं होतं.

पौष संपता संपता, एका सकाळी, राजकुमारने जीप दारासमोर आणून उभी केली. मनकर्णाने धुवट पांढरं लुगडं नेसलं होतं, बारीक निळ्या काठाचं, बुद्धपौर्णिमेला नेसते ते. सुधाकरराव सहकुटुंब कुंपणाशी. देवाजीही आले, सरकी विसरून. मनकर्णाने चप्पल झटकली. एक हात दाराला, एक गुडघ्यावर. पाऊल पायरीवर. क्षणभर ती तशीच थांबली, आणि आम्ही सगळे श्वास धरून तिच्याकडे नाही, तर दुसरीकडेच कुठेतरी पाहत राहिलो, कारण धरायचं नाही अशी अट होती. मग ती वर गेली. आपल्या पायाने. बसली, पदर सारखा केला, आणि आरशात न बघता सरळ समोर पाहिलं.

देवाजींनी डोळे पुसले. सुधाकरराव म्हणाले, झालं एकदाचं. मी मागच्या सीटवर चढलो. हे मी कबूल करतो की त्या वेळी मला फार मोठं काहीतरी हातून घडल्यासारखं वाटत होतं. चंद्रावरून आलेल्या माणसांना असंच वाटलं असेल.

गाव मागे पडलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी तूर उभी होती, डोक्याएवढी. राजकुमार सावकाश चालवत होता. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, रडेल, निदान जीपला हात लावून बघेल. ती नुसती मान उंच करत होती. एकदा डावीकडे, एकदा मागे. दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून उठल्यासारखं करायची आणि पुन्हा बसायची. डोंगराच्या पायथ्याला रस्ता वळतो, तिथे ती म्हणाली, "राजू, थांब बापा."

मला वाटलं गुडघे दुखले. मी विचारलं, उतरायचं का?

"नाई," ती म्हणाली. "इथून काई दिसून नाई राह्यलं."

तुरीशिवाय तिथे दिसण्यासारखं काय होतं, ते मला कळेना. मी म्हणालो, काय पाहायचं होतं?

राजकुमार स्टीअरिंगकडे बघत होता. त्याला माहीत असावं.

"तो सांगे मले," ती म्हणाली. "या वळनावर बसल्या जागेवरून तुरीवरून आपलं घर दिसते म्हने. गच्चीवर मी लुगडं वाळू घातलं का त्याले दिसे. माय घरी हाय, म्हने, मंग जाओ मी फुडं." तिने पुन्हा मान उंच केली. "म्हनून त मी रोज रंगाचं लुगडं टाको वर. आजबी टाकून आली."

मी मागे वळून पाहिलं. तूर होती. वाऱ्याने हलत होती, आणि तिच्यापलीकडे काय असेल ते असेल.

काढलेल्या कमानी मकबूलने कोणाला देऊन टाकल्या असतील, मोठे टायर कुठे असतील, परत चढवायचं तर किती मेहनत लागते, हे सगळं मी मनात मांडू लागलो आणि कोणतीही रीत पुढे जाईना.

मनकर्णाने दांडी सोडली आणि माझ्याकडे वळली.

"अवो," ती म्हणाली, "मांडीखाली घ्याले एखांदी उशी हाय का?"